गाण्याने निरोप, पाण्याची राखण

असिसी, ३ ऑक्टोबर १२२६

दिवस मावळतीला आला आहे. असिसीचा डोंगर मागे टाकून तुम्ही खालच्या सपाटीवर, ओकच्या झाडीत येऊन पोहोचला आहात. समोर पोर्त्सिउंकुला नावाचे इवलेसे चर्च आहे. शेजारच्या झोपडीत एक माणूस उघड्या जमिनीवर निजला आहे. मला भुईवरच ठेवा, असे त्यानेच सांगितले आहे. वय चव्वेचाळीस-पंचेचाळीस, पण शरीर पार थकले आहे. डोळ्यांना उजेड सोसत नाही. वैद्यांनी तापल्या लोखंडाचे डाग दिले, त्यानेही गुण आला नाही. कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा हा मुलगा, फ्रान्सिस. अंगावरची भारी वस्त्रे बापासमोर उतरवून ठेवून भणंग झालेला.

आदल्याच वर्षी, अशाच आजारपणात त्याने एक स्तोत्र रचले. लॅटिनमध्ये नव्हे, बाजारात बोलल्या जाणाऱ्या उंब्रियन बोलीत. त्यात सूर्य भाऊ आहे, चंद्र बहीण आहे. वारा, पाणी, अग्नी, धरणी सगळे सख्खे नातलग आहेत. आता शेवट जवळ आल्यावर त्याने त्यात आणखी एक कडवे घातले. त्यात मरणसुद्धा बहीण झाले आहे. लिओ आणि अँजेलो हे त्याच्या संघातले दोघे बंधू ते स्तोत्र त्याला पुन्हा पुन्हा गाऊन दाखवतात. बंधू एलियासला काळजी वाटते की मरणाच्या दारातला माणूस गाणी ऐकतो, हे पाहून लोक काय म्हणतील. फ्रान्सिस त्याला सांगतो की मला गाऊ दे.

अंधार पडतो आणि तो जातो. जुने चरित्रकार लिहितात की त्या वेळी झोपडीच्या छपरावर चंडोलांचा थवा घिरट्या घालत गात होता. तुम्ही उभे आहात तिथे दोन गोष्टी एकाच जागी आल्या आहेत, माणसाला गाऊन दिलेला निरोप आणि पाण्या-मातीशी मानलेले नाते. या माणसाचे अनुयायी पुढे तीनशे वर्षांनी गलबतांतून कोकणच्या किनाऱ्यावर उतरले आणि वसईला त्यांनी मठ आणि चर्च उभारले. आपल्यालाही तिकडेच जायचे आहे.

वसई, २३ मे १७३९

उकाडा मी म्हणतो आहे. तुम्ही किल्ल्याच्या तटाबाहेर, खाडीच्या वाऱ्याला उभे आहात. हवेत अजून दारूचा वास आहे. दहा दिवसांपूर्वी मराठ्यांच्या सुरुंगांनी सान सेबास्तियांव बुरुजाला खिंडार पाडले, १६ मेला तटावर पांढरे निशाण चढले आणि आज पोर्तुगीज वसई सोडत आहेत. चिमाजी अप्पांनी त्यांना सन्मानाने जाऊ दिले आहे. हत्यारे हातात ठेवून, निशाणे फडकावत, ढोल वाजवत.

ते ढोल तुम्ही ऐकता. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई त्यांच्या हवाली केली, त्याला दोनशे वर्षे उलटून गेली आहेत. या दोन शतकांत इथे देवळे पडली, धर्मांतरे झाली, जुलूम झाले. म्हणून तटाबाहेरच्या कितीतरी डोळ्यांत आज सुटकेचे पाणी आहे. पण बाजूला, ताडांच्या सावलीत उभी असलेली माणसे पाहा. कमरेला आखूड वस्त्र, हातापायांना भेगा, गळ्यात क्रूस. हे सामवेदी आहेत, वाडवळ आहेत, कोळी आहेत. होड्यांत चढणाऱ्यांचे ते कोणी नव्हेत. यांची भात-केळीची वाडी इथे, विहीर इथे, पूर्वजांची हाडे इथे. ते कुठे जाणार? तहाने त्यांना आपला धर्म पाळायची मुभा दिली आहे, पण त्यांचे बहुतेक पाद्री आज निघून जात आहेत.

थोड्याच दिवसांत चर्चच्या मनोऱ्यांवरून घंटाही उतरतील. विजयाची खूण म्हणून त्या महाराष्ट्रभर देवळांत जातील. एक नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळात, एक भीमाशंकरला, एक वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मारिया आणि १७०७ हे साल आजही तुम्हाला हाताने चाचपता येते.

घंटा गेल्या, वाद्ये गेली, पाद्री गेले. मागे काय उरले ते ऐकायला रात्रीपर्यंत थांबा. एका घराच्या ओटीवर दिवा आहे. म्हातारी जपमाळ सांगते आहे आणि घरातली पोरे-बाळे उत्तर देत आहेत. लॅटिन शब्द तिच्या तोंडी पार झिजून गेले आहेत, चाल मात्र पक्की आहे. पुढे गोव्याहून अधूनमधून देशी पाद्री येतील, पडकी चर्चे पुन्हा बांधली जातील. पण मधल्या काळात या लोकांचा धर्म तगला तो अशा ओट्यांवर, एकमेकांच्या आवाजाला आवाज देत.

वसईची एक वाडी, १९५०च्या सुमारास

पहाट. पहिल्यांदा ऐकू येते ती रहाटाची करकर. बैल गोल फिरतो, दातेरी चाक आडव्या दांड्याला फिरवते, गाडग्यांची माळ विहिरीत उतरते, भरून वर येते आणि पन्हळीत ओतली जाते. पन्हळीतून पाटात, पाटातून केळीच्या आळ्यात आणि पानवेलीच्या बुंध्याशी. पाण्याला चढ नको म्हणून पाटाचा उतार बोटभर फरकाने साधलेला आहे. म्हातारा शेतकरी अनवाणी पायाने मातीचा बांध मोडतो, एक आळे भरले की टाचेने पुन्हा बुजवतो. कुदळ हातात असूनही तो ती वापरत नाही.

वाडीच्या कडेला बावखल आहे. गोड्या पाण्याचे खोल डबके, पूर्वजांनी हाताने खणलेले. काठावर नारळ, सुपारी आणि बांबूची बेटे, पाण्यावर शेवाळाचा हिरवा पडदा, त्यात बेडकांची आणि लहान मासळीची वस्ती. पावसाळ्यात चहूकडचे पाणी त्यात उतरते आणि मग महिनोन्‌महिने जमिनीत मुरत राहते. म्हातारा तुम्हाला समजावतो, “पाहुणे, विहीर दिसते ती एकटी नाही. तिला दूध पाजणारी आई ही इथे आहे.”

त्याने सांगितले ते शास्त्राच्या कसोटीलाही उतरते. वसई समुद्राला लागून आहे. जमिनीखाली खारे पाणी आहेच. त्याच्यावर पावसाच्या मुरलेल्या गोड्या पाण्याचा थर तरंगतो. वरचा थर जाड राहिला तर विहीर गोडी राहते. तो उपशाने पातळ झाला की खालचे खारे पाणी वर चढते, आणि एकदा चढले की सहजी उतरत नाही. बावखले हा थर राखतात. उन्हाळ्यात ती आटली की गाव मिळून गाळ काढतो. तो गाळ खत म्हणून वाडीत पडतो आणि बावखल पुन्हा खोल होते. एका माणसाच्या बळाने होणारे हे काम नाही.

बाराला घंटा होते. दूत-संदेशाच्या प्रार्थनेची. म्हातारा थांबतो, डोक्यावरचे फडके काढतो, ओठ हलतात. दिवसातून तीनदा ही घंटा वाडीचे घड्याळ चालवते. संध्याकाळची घंटा झाली की बैल सुटतो. केळी, पाने, फुले, भाज्या पाटीत भरून पहाटेच्या गाडीला जायच्या असतात. विरारहून मुंबईला पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ला धावली, तेव्हापासून मुंबईच्या बाजारात वसईचा माल आहे.

आज मात्र मधल्याच वेळी घंटा वाजू लागते, एक ठोका, मग लांब थांबा, मग पुन्हा एक ठोका. कुणीतरी गेले. रहाट थांबतात. पांढरे सदरे, लाल चौकड्यांची लुगडी, हातात मेणबत्त्या, आणि सगळे गाव चर्चकडे. आत मास्तर उभे आहेत. गायनाचे मास्तर आणि शाळेचे मास्तर तेच. खांद्याला व्हायोलिन, धनुष्याच्या केसांना नुकतीच राळ घासलेली, सदऱ्याच्या बाहीवर तिची पांढरी भुकटी. शेजारी एक मुलगा पायपेटीचे भाते मारतो आहे. कोंबडी हाकणारी, पाने खुडणारी, टोपली विकणारी माणसे मृतांच्या मिस्सेतले ‘दिएस इरे’ तोंडपाठ म्हणतात. तेराव्या शतकातले हे लॅटिन स्तोत्र परंपरेने थॉमस चेलानो यांच्या नावावर सांगितले जाते. थॉमस म्हणजे असिसीच्या फ्रान्सिसचा पहिला चरित्रकार. अर्थ कुणाला फारसा उमगत नाही. पण एकाचा आवाज दाटला की शेजारचा त्याची ओळ उचलतो.

तेच चर्च, १९६०च्या दशकाची अखेर

वेदी फिरली आहे. आजवर लोकांकडे पाठ करून मिस्सा करणारे फादर आता लोकांकडे तोंड करून उभे आहेत आणि मराठीत बोलत आहेत. ४ डिसेंबर १९६३ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला दार उघडून दिले, आणि हळूहळू ते दार या गावापर्यंत येऊन उघडले.

आज म्हाताऱ्या मास्तरांचा निरोप आहे. तुम्ही मागच्या बाकावर बसला आहात. गायनवृंदाच्या जागी गुडघे मोडून बसलेली तरुण मुले आहेत. समोर हार्मोनियम, तबला, टाळ. काही आज्यांच्या कपाळावर आठ्या आहेत. ज्या सुरावटीत आईबापांना मूठमाती दिली ती सोडायची, आणि देवाच्या घरात तबला आणायचा, हे त्यांना जड जाते आहे. त्यांचे दुःख खरे आहे. ते मनात घ्या, घाईने पुढे जाऊ नका.

मिस्सा संपते. हार, श्रीफळ, शाल होते. मग मास्तर उठतात, व्हायोलिनच्या पेटीची कडी काढतात आणि वाद्य भजनी पेटीवर बसलेल्या पोराच्या हाती देतात. भाषण करत नाहीत. स्वतःच्या जागी, बायकांच्या बाकामागे जाऊन उभे राहतात आणि मुलांनी सुरू केलेल्या नव्या मराठी गीताला खालच्या स्वरात साथ धरतात. आठ्या पडलेल्या आज्याही दुसऱ्या कडव्याला तोंड उघडतात.

कुठल्याही पॅरिशमध्ये तुम्ही गेलात तरी निरोपाचे हे प्रसंग चुकत नाहीत. ठरावीक वर्षांनी फादरांची बदली होते, सिस्टर दुसऱ्या कॉन्व्हेंटला जातात, मास्तर थकतात. माणूस बदलतो आणि गाणे चालू राहते, कारण ते एकाच्या गळ्यात ठेवलेले नसते. चाळीस-पन्नास जणांना ते येत असते.

वसई, १९८०च्या दशकाची अखेर

वाडी तीच, पण रहाट गप्प आहे. त्याच्या जागी विजेचा पंप आहे. पहाटे जो आवाज येतो तो टँकरचा. स्टेशनच्या बाजूला इमारती उठल्या आहेत, त्यांना नळ नाहीत. म्हणून पश्चिम पट्ट्यातल्या विहिरींचे पाणी रोज टँकरांत भरून विकले जाते. म्हाताऱ्याची सून तुम्हाला तांब्याभर पाणी देते. एक घोट घ्या. जिभेवर मचूळ, खारट चव येते. पानवेलीच्या कडा करपल्या आहेत. जे म्हाताऱ्याने बावखलाकाठी सांगितले होते, ते उलट्या बाजूने खरे झाले आहे. काही बावखलांत तर डबर पडू लागले आहे. भरले की प्लॉट होतो.

रविवारची मिस्सा. प्रवचनात फादर विहिरींविषयी बोलतात. तुम्हाला वाटते, हा चर्चचा विषय आहे का? बाकांवरचे काहीजणही तसेच चुळबुळतात. पण ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे गावोगाव फिरून सांगतच राहतात आणि हरित वसई संरक्षण समिती उभी राहते. तिच्यात ख्रिस्ती आहेत तसे हिंदू आहेत, शेतकरी आहेत तसे शिक्षक आहेत. जमिनीचे आणि टँकरचे पैसे ज्यांच्या हाती आहेत ते साधे लोक नाहीत. धमक्या येतात. दहशतीचा तो काळ आहे. संध्याकाळी लवकर दारे लागतात.

तरीही मोर्चाच्या दिवशी रस्त्यावर उतरा. तहसील कचेरीकडे हजारो माणसे चालली आहेत. शेतातल्या कपड्यांतले पुरुष, लाल लुगड्यातल्या आज्या, कडेवर पोर घेतलेल्या बाया. ही गर्दी पगार देऊन आणलेली नाही. ती जमली कशी ते नीट पाहा. पुढच्या रांगेत झेंडे धरलेली पोरे गायनवृंदातली आहेत. पाण्याची व्यवस्था करणाऱ्या बाया त्याच, ज्या सणाला चर्चच्या अंगणात जेवण रांधतात. निरोप घरोघर पोचवला तो त्याच माणसांनी, जी मयताची खबर पोचवतात. दोनशे-अडीचशे वर्षे एकत्र गायची, एकत्र रडायची, एकत्र गाळ काढायची जी सवय या गावांना लागली होती, तीच आज पायांत आली आहे. संघटना बांधायला समितीला शून्यातून सुरुवात करावी लागली नाही.

या लढ्याने वसईचे सगळे काही वाचले, असे म्हणणे खरे होणार नाही. इमारती वाढल्या, २००९मध्ये महानगरपालिका आली, गावे तिच्यात घालावीत की नाहीत यावर पुन्हा रस्त्यावर यावे लागले. पण पश्चिम पट्ट्यात आज जी केळीची, फुलांची, भाजीची हिरवाई तुम्हाला दिसते, ती आपोआप उरलेली नाही. ती माणसांनी भांडून ठेवली आहे.

वसई-विरार, जुलै २०१८

गुडघाभर पाण्यात उभे राहा. लोकल बंद आहेत, वीज नाही, मिठागरातली कुटुंबे पाण्याने वेढली गेली आहेत. दिवसांमागून दिवस पाणी उतरत नाही. उतरणार कुठे? पाणी साठवणाऱ्या जागा आणि वाहून नेणारे नैसर्गिक नाले बुजवत गेल्यावर ते घरांत शिरणारच. त्याच्या तीनच वर्षे आधी, मे २०१५मध्ये, पोप फ्रान्सिस यांनी सृष्टीच्या राखणीविषयी ‘लाउदातो सी’ हे पत्र लिहिले. त्याचे नाव त्यांनी असिसीच्या त्याच स्तोत्रातून घेतले. दरवर्षी १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस त्यांनी ठरवून दिला. पत्राचा गाभा असा की धरणीची आर्त हाक आणि गरिबांची हाक वेगळी काढता येत नाही. वसईच्या पाण्यात उभे राहून पाहिले की हे समजायला पंडित लागत नाही. सगळ्यात आधी बुडाली ती मिठागरातली झोपडी.

नंदाखाल, २५ जुलै २०२४

आषाढातला पाऊस. चर्चच्या आवारात छत्र्यांची दाटी आहे. फादर दिब्रिटो आज सकाळी गेले. ज्या मातीत ते १९४२ साली जन्मले, तिथेच त्यांना निरोप द्यायचा आहे. गर्दीत पाहा. धर्मगुरू आणि बिशप आहेत, लेखक आहेत, वाचक आहेत, शेतकरी आहेत. ‘सुबोध बायबल’ने बायबल मराठी घरांत पोचवणारा, दुखरी पाठ घेऊन चाकाच्या खुर्चीतून उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारा हा माणूस वसईचा जितका, तितकाच मराठीचा होता.

मिस्सा मराठीत आहे. तुमच्या शेजारची बाई पुस्तक न उघडता म्हणते आहे. १७३९च्या ओटीवरची ती म्हातारी, राळेची भुकटी बाहीवर असलेले मास्तर, मोर्चातल्या आज्या, या सगळ्यांनी हातोहात दिलेला वारसा तिच्या गळ्यात आहे. आता डोके वर करून पावसाकडे पाहा. हे पाणी कुठे जाणार आहे? बावखल शिल्लक असेल तर त्यात, नाहीतर डांबरावरून गटारात आणि गटारातून कुणाच्या तरी घरात.

ज्याने आयुष्यभर पाण्यासाठी आवाज दिला त्याला गाणे गाऊन मूठमाती देणे सोपे आहे. ते आपण मनापासून केले. त्याचे उरलेले काम करणे कठीण आहे, आणि माझ्या मते तेच त्याला दिलेले खरे गाणे ठरेल. सृष्टीची स्तुती ओठांवर घ्यायची आणि अंगणातले बावखल डबराने बुजताना पाहत राहायचे, अशी उपासना अपुरी आहे.

परतल्यावर

आता तुम्ही तुमच्या काळात आहात आणि हे सगळे पाहून आलेले आहात. तुम्ही वसईचे असाल तर हाताशी काम आहे. येत्या पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत एवढेच विचारा की आपल्या हद्दीत बावखले किती होती, आज किती आहेत आणि उरलेली कुणाच्या मालकीची आहेत. यादी करा, नकाशावर खूण करा, ग्रामसभेत किंवा महापालिकेत ती नोंदवून घ्या. मालक खाजगी असेल तर त्याच्या ओटीवर जाऊन बसा, तोही आपल्यातलाच आहे. गायनवृंदातली मुले, मंदिराच्या उत्सव समितीतली मुले आणि मोहल्ल्यातली मुले एकत्र घ्या, कारण विहिरीखालचा पाण्याचा थर सगळ्यांचा एकच आहे. तुम्ही वसईचे नसाल तरी तुमच्या गावात तळे आहे, बारव आहे, ओढा आहे आणि त्याच्याजवळ भजन करणारी माणसेही आहेत.

एका वेळी एकच बावखल घ्या. त्यातला गाळ मेअखेरपर्यंत निघालाच पाहिजे, कारण जून उजाडला की पाऊस आपल्यासाठी थांबत नाही.